पेन्सिलची फुली

मनमोहन त्रिलोकेकर सही फार देखणी करत. मानेला किंचित बाक देऊन, पेनाचं टोपण मागे खोचून, एका दमात. खाली दोन रेघा आणि दुसऱ्या रेघेच्या शेपटाला एक टिंब. ते टिंब देताना त्यांच्या चेहऱ्यावर अवघड शस्त्रक्रिया पार पडल्याचं समाधान उमटे. सहीच्या वर काय लिहिलं आहे याच्याशी मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात संबंध ठेवला नव्हता.

तशी गरजच पडत नसे. त्यांच्या आजोबांच्या काळी कंपनीत एक हेडक्लार्क होते. मालकांचा वेळ जाऊ नये म्हणून ते प्रत्येक कागदावर सहीच्या जागी पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवत आणि सही झाली की खोडरबरानं पुसून टाकत. पुढे हेडक्लार्क गेले, आजोबा गेले, गिरगावातली पेढी गेली, ती बंद होऊन लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा आला. फुली राहिली. इंदुमती सायंटिफिक प्रायव्हेट लिमिटेडमध्ये पिढीजात म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

या गाळ्यात थुंकीतला क्षयाचा जंतू दिसावा म्हणून काचपट्टीवर टाकायचे रंग बनत. फुक्सिनचा लाल, मागाहून मेथिलिन ब्लूचा निळा. निळ्या जमिनीवर लाल काड्या दिसल्या तर आजार आहे, नाही दिसल्या तर नाही. पण रंगच नीट बनला नसेल तर काड्या असूनही दिसत नाहीत आणि माणूस ‘बरा आहे’ असा कागद घेऊन घरी जातो. हे होऊ नये याची काळजी बावीस वर्षं वैशाली तांबे घेत होती. एम.एस्सी.ला असताना तिला शिकवलं होतं की बाटलीवरचं लेबल दोनदा वाचायचं: उचलताना एकदा, ओतताना एकदा. ही सवय तिनं कागदांनाही लावली होती. कंपनीत छापील मजकूर वाचणारी ती एकटीच, त्यामुळे तिला पुष्कळ गोष्टी ठाऊक असत आणि तिला त्या ठाऊक आहेत हे कोणालाच ठाऊक नसे.

आठ वर्षांपूर्वी एका मोठ्या टेंडरची अट आली की संचालक मंडळावर विषयाचं शिक्षण घेतलेली व्यक्ती हवी आणि तिला करार करण्याचे अधिकार हवेत. मंडळावर तेव्हा दोघं होते. मनमोहन बी.ए., तेही तिसऱ्या खेपेला. आणि त्यांची पत्नी उर्मिला, जिला मंडळावर घेतलं होतं कारण कायद्याला दोन माणसं लागतात.

“वैशाली, तुला डायरेक्टर करतोय,” मनमोहन म्हणाले होते. “घाबरू नकोस. काही करायचं नाहीये.”

टेंडरची कामं करून देणारा एजंट कागदांचा गठ्ठा घेऊन आला. फुल्या मारलेल्या होत्या. मनमोहननी अकरा देखण्या सह्या केल्या, उर्मिलावहिनींनी अकरा साध्या. वैशालीनं पुढ्यात आलेलं वाचलं. त्यात एक ठराव होता: पुरवठ्याचे सर्व करार कंपनीच्या वतीनं करण्याचा आणि त्यांवर सही करण्याचा अधिकार श्रीमती वैशाली बुधाजी तांबे यांना देण्यात येत आहे. तिनं तो दोनदा वाचला, मग सही केली. टेंडर मिळालं.

डायरेक्टर झाल्यावर तिच्या आयुष्यात एवढाच फरक पडला की वेबसाईटसाठी तिचा फोटो काढला. पांढरा कोट, हातात चंबू. फोटोग्राफरला चंबूत निळंशार काहीतरी हवं होतं, म्हणून गाळ्यातला जुना कामगार कोंडीराम यानं खालच्या हार्डवेअरवाल्याकडून मोरचूद आणून पाण्यात घोळवला. कंपनीनं ते कधी बनवलं नव्हतं. बसायला तिला पूर्वीचंच स्टूल होतं. क्लबात मात्र मनमोहनना तिचा फार उपयोग होई. “आमच्याकडे जातपात नाही हो,” ते पत्ते पिसताना सांगत. “आमची डायरेक्टर डिलाईल रोडच्या चाळीतली आहे.” जातपात मानत नसल्याचं सांगायला त्यांना दर वेळी तिची चाळ लागे.

गेल्या वर्षी दादरच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं. तिथं एका न्यासाची खरेदी बघणारी रुचा नावाची बाई स्टॉलवर आली. न्यासाची चाळीस तपासणी केंद्रं होती, ठाण्यापासून पार तळकोकणापर्यंत. मनमोहननी वैशालीच्या खांद्यामागे उभं राहून, कॅमेऱ्याकडे बघत सांगितलं, “या आमच्या डायरेक्टर. यांची सही म्हणजे माझी सही समजा.”

रुचानं तसं समजून घेतलं. यात तिची काही चूक नव्हती.

जूनमध्ये न्यासानं तीन वर्षांच्या पुरवठ्याचा करार पाठवला, एक ऑगस्टपासून लागू होणारा. वैशालीनं तो मनमोहनना ईमेल केला. तीन दिवस थांबून फोन केला. मागे पत्ते आपटल्याचा आवाज येत होता.

“साहेब, करार तीन वर्षांचा आहे. मधेच थांबता येणार नाही असं कलम आहे. एकदा वाचता का?”

“तू डायरेक्टर आहेस ना? मग कर की! मला काय विचारतेस त्यातलं.”

तिनं कामाच्या वहीत तारीख, वेळ आणि हे वाक्य लिहून ठेवलं. तापमान लिहितात तसं. मग सही केली, ठरावाची प्रत जोडली आणि करार पाठवून दिला. खरं सांगायचं तर त्याच्या आदल्या आठवड्यात एक माणूस मेजरिंग टेप घेऊन गाळ्याच्या खिडक्या मोजून गेला होता. कशासाठी ते त्यानं सांगितलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं. टेप मात्र तिनं पाहिली होती. सही करताना ती तिच्या डोळ्यांपुढे नव्हती असं ती स्वतःशीसुद्धा म्हणू शकली नसती.

टेपचा उलगडा जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाला. मनमोहन गाळ्यात आले, सोबत केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण. तरुणानं छताचे लोखंडी गर्डर बघून तोंडानं शीळ घातली, विषारी वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याच्या कपाटावर टकटक केली आणि नाकाला रुमाल लावून विचारलं, “स्मेल चला जाएगा ना?”

तो गेल्यावर मनमोहन फुलून सांगू लागले. “रेस्टॉरंट होणार इथं! इंडस्ट्रियल लुक म्हणतात त्याला. एक ऑगस्टला जागा द्यायची. शब्द दिलाय मी. अगं, त्याला आपले बीकरसुद्धा हवेत. सरबत देणार त्यातून.”

मोरीवर काचपट्ट्या धूत असलेला कोंडीराम वळला. अठ्ठावीस वर्षं फुक्सिन गाळून त्याची बोटं कायमची गुलाबी झाली होती. “या बीकरातून?” तो म्हणाला. “फेनॉल असतं त्यात, साहेब.”

“धुऊन घेतील रे.”

“आणि रंग?” वैशालीनं विचारलं.

“बंद. पुरे झालं. तुम्हा सगळ्यांचं काय ते बघू नंतर.” सगळे म्हणजे वैशाली धरून सहाजण. ‘नंतर’ म्हणजे काय हे सहाही जणांना कळलं.

“साहेब, न्यासाचा करार आहे. एक ऑगस्टपासून चाळीस केंद्रांना आपला रंग जायचा आहे. तीन वर्षं.”

“कुठला करार? कोणी सही केली?”

“मी.”

मनमोहन हसले. लहान मुलानं मोठ्यांच्या चपला घातल्यावर हसतात तसे, अगदी मायेनं. “तू? अगं, तुझ्या सहीनं काय होतं? तू आपली शोभेची डायरेक्टर. कळव त्यांना की चुकून झालं.”

“चुकून झालं नाही.”

“मग माझ्या नावानं कळव. रविवारी मीटिंग घेऊ, पत्र तयार करू. अभिषेकला बोलावतो.” अभिषेक त्यांचा भाचा, फोर्टात वकिली करणारा.

त्या संध्याकाळी वैशाली घरी आली तेव्हा तिची आई मीराबाई गॅलरीत चहाचा कप घेऊन बसली होती. वैशालीनं झालेलं सांगितलं. न्यासाला दुसरा पुरवठादार मिळेलही, पण मिळेपर्यंत चाळीस ठिकाणी थुंकीच्या डब्या खोळंबतील; सहा माणसं घरी बसतील; आणि तिनं लिहून दिलेलं नाव खोटं ठरेल. यातलं शेवटचं तिनं सर्वांत हळू आवाजात सांगितलं.

“सही तुझीच ना गो?” मीराबाईंनी विचारलं.

“माझीच.”

“मंग? तुझा बापूस अंगठा सोडून सही शिकला तो कशापायी?”

बुधाजी तांबे गिरणीच्या रंगखात्यात होते. संप मोडल्यावर त्यांनी एका कागदावर अंगठा उठवला होता. कागदात काय आहे ते कोणी त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. नंतर वयाच्या चाळिशीत ते पाटी घेऊन बसले. मरेपर्यंत त्यांची सही वाकडीतिकडी राहिली, पण ती करण्याआधी ते कागद बोटानं ओळ लावून वाचत आणि समोरच्या साहेबाला खुशाल तिष्ठत ठेवत.

रविवारी सकाळी मीटिंग भरली ती शिवाजी पार्कला, त्रिलोकेकरांच्या जेवणाच्या टेबलावर. इंदुमती सायंटिफिकच्या संचालक मंडळाच्या सर्व बैठका तिथंच भरत, आणि तीन संचालकांपैकी एक त्या वेळी पोहे करत असे.

अभिषेक करार आणि ठराव वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा शिकवणीला आलेल्या मठ्ठ विद्यार्थ्याचा पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखा होत गेला.

“मामा, तुम्ही बांधले गेलात.”

“मी सहीच केली नाहीये!”

“कंपनी बांधली गेली. बाहेरच्या माणसाला तुमच्या घरात कोणाचं चालतं हे कसं कळणार? तुम्ही ताईंना डायरेक्टर म्हणून उभं केलंत, वेबसाईटवर लावलंत, ठराव करून अधिकार दिलात. न्यासानं ठराव बघून करार केला. उद्यापासून अधिकार काढून घ्या हवं तर. झालेल्या करारातून नाही सुटता येणार.”

“ठरावात असं आहे?”

“तुम्ही सही केलीय त्याच्यावर.”

“फुली होती म्हणून केली!” मनमोहन म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं नाही. अभिषेकनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. “काहीतरी मार्ग असेलच ना?” मनमोहननी विचारलं.

“एकच. ताईंना खरा अधिकार नाही हे न्यासाला आधीपासून ठाऊक होतं असं दाखवता आलं तर. तुम्ही कधी त्यांना तसं सांगितलं होतंत?”

दादरच्या स्टॉलवर मनमोहननी काय सांगितलं होतं ते वैशालीला आठवत होतं.

“नसेल सांगितलं, तर आता सांगू,” मनमोहन ठासून म्हणाले. “दोन डायरेक्टरांच्या सहीचं खणखणीत पत्र. आले की वठणीवर! वैशाली, घे लिहून.”

वैशालीनं लॅपटॉप उघडला. कंपनीची सगळी पत्रं तीच टाइप करत असे. तिच्याविरुद्धचं पत्र दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यावं हे मनमोहनना सुचलं नाही, कारण दुसरं कोणी नव्हतंच.

“‘आमच्या संचालक श्रीमती वैशाली तांबे यांना करार करण्याचा कोणताही अधिकार नव्हता.’”

“‘...अधिकार नव्हता.’ कधीपासून, साहेब?”

“पहिल्यापासून.”

“‘पहिल्यापासून.’ आणि ठरावाचं काय लिहू? त्यांच्याकडे प्रत आहे.”

“तो नुसता टेंडरसाठी होता.”

“‘सदर ठराव केवळ टेंडर मिळवण्यापुरता दाखवला होता.’ झालं. पुढे?”

अभिषेकच्या घशात पोहा अडकला. “मामा! हे वाक्य कागदावर गेलं तर ज्यांना तो ठराव दाखवलात ते दाराशी येतील.”

“खोड, खोड ते!”

“खोडलं,” वैशाली म्हणाली. “मग ठरावाच्या जागी काय घालू?”

“अगं, साधं लिही ना! तू नुसती शोभेची आहेस म्हणून!”

“‘संचालक वैशाली तांबे या शोभेच्या आहेत.’” तिनं मान वर केली. “पत्र जाण्याआधी वेबसाईटवरचा फोटो काढायला हवा, साहेब. तो मोरचुदाचा.”

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मनमोहननी “हो, तो काढ” असं उत्तर दिलं. मग त्यांना शब्द सुचले. उठून, हात पाठीमागे बांधून त्यांनी सांगितलं: “‘एका संचालकाच्या सहीनं कंपनी बांधली जात नाही. इतर संचालक केवळ नावाचे असून कंपनीचे सर्व निर्णय मी स्वतःच घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे.’ बस्स. काढ प्रिंट. फुल्या मार दोन.”

प्रिंटर शेजारच्या खोलीत होता. वैशालीनं कागद आणला, पेन्सिलनं दोन फुल्या मारल्या, अगदी बारीक, जिथल्या तिथे. अभिषेक काहीतरी म्हणणार होता, मनमोहननी हातानं त्याला थांबवलं आणि आवाज दिला, “उर्मिला, ये गं, सही!”

उर्मिलावहिनी पदराला हात पुसत आल्या. पेन उचललं. मग खाली ठेवलं.

“माझा चष्मा कुठाय?”

“चष्मा कशाला? फुली आहे ना.”

वहिनींनी फ्रिजवरून चष्मा घेतला आणि उभ्या उभ्या वाचू लागल्या. त्या ओठ हलवून वाचत होत्या, त्यामुळे त्या कुठल्या शब्दाशी पोचल्या आहेत ते सगळ्यांना दिसत होतं. ‘इतर संचालक केवळ नावाचे’ इथं ओठ थांबले.

“इतर म्हणजे कोण?”

“अगं, ही.”

“ही एक झाली. ‘नावाचे’ म्हटलंय, ‘नावाची’ नाही. दुसरं कोण?”

“कायद्याची भाषा असते ती!”

“बत्तीस वर्षं सही करतेय मी,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्या त्या पनवेलच्या जागेवर माझी सही. बँकेच्या कागदांवर माझी सही. बँकवाला घरी आला तेव्हा म्हणालात, दोघं मिळून निर्णय घेतो आम्ही. तेव्हा मी खरी, आणि आज नावाची? वैशाली, खोडरबर आहे का गं?”

वैशालीनं पिशवीतून काढून दिला. वहिनींनी आपल्या नावावरची फुली पुसली, सावकाश, कागद फाटू न देता. मग भुगा फुंकला. तो मनमोहनच्या पोह्यांवर गेला.

“सगळे निर्णय तुम्हीच घेता ना? मग तुमची एकट्याची सही पुरे,” असं म्हणून त्या आत गेल्या.

मनमोहननी पेनाचं टोपण मागे खोचलं. मानेला बाक दिला. “नको तर नको. माझी एकट्याची सही रग्गड आहे.”

“मामा,” अभिषेक फार थकल्या आवाजात म्हणाला, “तुम्ही पत्रात म्हणताय की एका डायरेक्टरच्या सहीनं कंपनी बांधली जात नाही.”

“अर्थात!”

“आणि खाली एका डायरेक्टरची सही आहे.”

मनमोहन कागदाकडे पाहत राहिले. पेन अधांतरी होतं. पार्कातून क्रिकेटच्या नेटमधला चेंडू बॅटीवर बसल्याचा आवाज आला. कोणीतरी ‘शाब्बास’ म्हणून ओरडलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पोह्यांची बशी ओढली आणि म्हणाले, “आज दिवस बरा नाही. उद्या बघू.”

उद्या त्यांनी बघितलं नाही, परवाही नाही. बुचडेवाल्या तरुणाला दोन गल्ल्या पलीकडे दुसरा गाळा मिळाला, तिथे म्हणे गर्डर अधिक गंजलेले होते. बीकर मागायला तो एकदा येऊन गेला. कोंडीरामनं त्याला एक हुंगायला दिला.

एक ऑगस्टला पहिली खोकी निघाली. वैशालीनं प्रत्येक घाण्याचा रंग आदल्या दिवशी काचपट्टीवर टाकून पाहिला होता. निळ्यावर लाल काड्या, मोजता येतील इतक्या स्वच्छ. रुचा स्वतः टेम्पोबरोबर आली. मनमोहनही आले, इस्त्रीचा सदरा घालून, फोटोसाठी.

“तीन वर्षांचा करार केला आम्ही,” ते रुचाला सांगत होते. “बाकीचे घाबरतात हो. मी म्हटलं, नाही, करायचा! धडाडी लागते.”

“वैशालीताईंनी फार बारकाईनं कलमं तपासली होती,” रुचा म्हणाली.

“आमच्या डायरेक्टर आहेत त्या. डिलाईल रोडच्या...”

“साहेब, हा एक कागद,” वैशाली मधेच म्हणाली. अभिषेकनं पाठवलेला ठराव होता: न्यासाशी झालेला करार कंपनीला मान्य आहे, आणि श्रीमती तांबे यांचे अधिकार कायम आहेत. उर्मिलावहिनींची सही आधीच झालेली होती, चष्मा लावून. “वाचून सही करा.”

“त्यात वाचायचं काय?” मनमोहननी टोपण मागे खोचलं, मान वाकवली आणि पेन टेकवायला जागा शोधू लागले. फुली नव्हती. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, उलटून मागची बाजू पाहिली. रुचा वाट बघत होती, टेम्पोवाला वाट बघत होता, कोंडीराम गुलाबी हात कमरेवर ठेवून उभा होता.

“अगं, फुली कुठे मारलीस?”

“नाही मारली, साहेब.”

“मग मला कळणार कसं?”

मनमोहननी खिशातून चष्मा काढला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत, ओठ हलवत, वाचायला सुरुवात केली.